घरातल्या जुन्या कॅसेट जपताना गाण्याबरोबर नावेही कशी वाचवावीत

मोबाइलवरच्या ॲपमध्ये एखादा ख्याल लावला की पडद्यावर गायकाचे नाव दिसते, रागाचे नाव बहुतेक वेळा दिसते आणि तबलजीचे नाव जवळजवळ कधीच दिसत नाही. हार्मोनियमवर कोण होते, तानपुऱ्यावर मागे सूर कोण देत होते, ही बैठक कुठे आणि कोणत्या साली झाली, यांतले काहीच कळत नाही. कित्येकदा संथ लयीतला बडा ख्याल एका तुकड्यात आणि त्यानंतरचा द्रुत लयीतला छोटा ख्याल दुसऱ्या तुकड्यात असतो आणि दोन्हींचा क्रम उलटा लागलेला असतो. चाळीस वर्षे गाणे ऐकत आलेल्या माणसाला हे मनापासून लागते, कारण साथ हा मैफलीचा निम्मा भाग आहे आणि ज्याने दीड तास विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचा ठेका धरून ठेवला त्याचे नाव पुसले जाणे हा सरळसरळ अन्याय आहे. ॲप सुधारणे आपल्या हातात नाही. घरात पडून असलेल्या कॅसेटचे काय करायचे हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून ते काम नीट कसे करावे ते येथे लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी सोलापुरात राहून सुमारे दोनशे कॅसेट जमवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या विकतच्या होत्या. उरलेल्या आकाशवाणीवरून आणि गावातल्या मैफलींतून त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केल्या होत्या. वडील गेल्यावर काही वर्षांनी मी त्यांतल्या चाळीस कॅसेट एका दुकानात ‘कॉम्प्युटरवर घेण्यासाठी’ दिल्या. परत मिळालेल्या पेनड्राइव्हमध्ये ‘ट्रॅक ०१’पासून ‘ट्रॅक ८०’पर्यंत फायली होत्या. आवाज १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये दाबलेला होता, सुरुवातीच्या निवेदकाचे बोलणे आणि सूर जुळवण्याचा भाग ‘रिकामी जागा’ समजून कापून टाकला होता आणि वडिलांच्या अक्षरातले आतले कागद डब्यांमधून निघून एकमेकांत मिसळलेले होते. कोणत्या कागदाची कोणती कॅसेट हे त्यानंतर ठरवायला मला एक उन्हाळा लागला आणि सात कॅसेट अजूनही अनोळखी आहेत. त्या अनुभवातूनच पुढचा पहिला नियम आला.

पहिले काम वहीत करावे

टेप डेकला हात लावण्याआधी एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्यावा. क्रमांक डब्यावर, आतल्या कागदावर आणि खुद्द कॅसेटच्या लेबलवर, अशा तिन्ही ठिकाणी मऊ पेन्सिलीने लिहावा. मग कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे आणि कागदाच्या दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि वहीत कागदावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. अक्षर चुकीचे वाटले तरी ते दुरुस्त करू नये. वडिलांनी एका कागदावर ‘पटदीप? भीमपलास?’ असे लिहून ठेवले होते आणि ते प्रश्नचिन्हदेखील माहितीच आहे.

सोलापुरात या टप्प्यावर एक वेगळी गोष्ट हमखास समोर येते. पूर्व भागातल्या घरांमध्ये तेलुगू भजनांच्या आणि नाटकांच्या कॅसेट असतात, तर अनेक लिंगायत घरांमध्ये कन्नड वचनांच्या कॅसेट असतात. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायकाने वचने गायली असल्याने ख्यालाच्या संग्रहातही कन्नड लेबले सापडतात. आपल्याला ती लिपी येत नसेल, तर अंदाजाने मराठी नाव लिहू नये. आपल्याकडे शेजारीपाजारी तेलुगू आणि कन्नड वाचणारे माणूस मिळणे अवघड नाही. त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि मूळ लिपीतले नाव व देवनागरीतले नाव दोन्ही ठेवावे. आमच्या शेजारच्या पद्मशाली आजोबांनी माझ्या चार कॅसेट अर्ध्या तासात ओळखून दिल्या आणि त्यांतल्या एकीत गाणारे आपल्याच गल्लीतल्या भजनी मंडळाचे लोक आहेत, हेही त्यांनीच सांगितले.

उन्हाळा, पावसाळा आणि फीत

कॉम्पॅक्ट कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. तिची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. एवढ्या अरुंद आणि संथ फितीवर चार मार्ग बसवलेले असल्याने थोडीशी धूळ किंवा थोडासा वाकडेपणाही आवाजात लगेच कळतो. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत त्याहून कितीतरी जास्त तापमान होते. त्या उष्णतेत कॅसेटचे प्लॅस्टिकचे कवच किंचित वाकते आणि फितीला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबणारी फेल्टची छोटी गादी ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो सुकून सुटतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. संक्रांतीच्या वेळच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराची कोरडी थंडी त्यासाठी सर्वांत चांगली. वडील कॅसेट चादरीत गुंडाळून ठेवत असत. तो जिव्हाळा खरा होता, पण पावसाळ्यात सुती कापड ओलावा धरते आणि फितीच्या कडेवर पांढरी बुरशी येते. बुरशी दिसलेली कॅसेट इतर कॅसेटपासून लगेच वेगळी करावी आणि डेकमध्ये घालूच नये, कारण ती हेडवर बसून पुढच्या कॅसेटलाही लागते.

प्रत्येक कॅसेटची खिडकीतून तपासणी करावी. फेल्टची गादी जागेवर आहे का, फीत कुठे दुमडली आहे का, हे पाहावे. सैल पडलेली फीत षटकोनी पेन्सिल चाकात घालून हळूहळू ताणून घ्यावी. कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे कान मोडलेले नसतील तर आधी मोडावेत. ते शाबूत असले की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेल्यास मूळ आवाज कायमचा पुसला जातो. आमच्या घरी एका दिवाळीत असे झाले आणि एका बैठकीच्या मध्यभागी आजही लहान मुलांचा गोंगाट ऐकू येतो. गादी सुटलेली किंवा कवच वाकलेले असेल, तर स्क्रू असलेल्या चांगल्या कॅसेटच्या कवचात जुनी फीत बदलून घालता येते. तुटलेली फीत जोडण्यासाठी फितीची खास चिकटपट्टीच वापरावी. साधा सेलोटेप उष्णतेत पाझरतो आणि वरच्या वेटोळ्याला चिकटतो. तपासून झाल्यावर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी आणि मगच वाजवावी.

डेक आणि तानपुऱ्याची जवारी

बाजारात मिळणारी, कॅसेट थेट यूएसबीवर घेणारी स्वस्त छोटी यंत्रे मी दोनदा वापरून पाहिली आणि दोन्ही वेळा निराश झालो. त्यांचा वेग डळमळतो आणि षड्ज, म्हणजे ‘सा’, स्थिर राहत नाही. गाण्यात षड्जच हलला तर उरले काय? त्यापेक्षा एखादा जुना, चांगल्या कंपनीचा घरगुती डेक शोधून त्याचे पट्टे आणि रबरी चाक बदलून घ्यावे. हेड आणि धातूचा फिरता दांडा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसावा. रबरी चाकावर अल्कोहोल सतत वापरू नये, ते कडक होते. ओलसर कापड पुरते. दर चार-पाच कॅसेटनंतर ही स्वच्छता पुन्हा करावी.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तेथेच पडतो. हेडची चीर फितीशी अगदी काटकोनात नसेल, तर वरचे सूर मंद होतात आणि गाणे पडद्याआडून आल्यासारखे वाटते. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले त्याचे हेड थोडे वाकडे असेल, तर आपले हेडही त्या कॅसेटपुरते तितकेच वाकवावे लागते. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत, तो अगदी थोडाथोडा फिरवावा. कान कशावर ठेवायचा, याचे उत्तर आपल्या संगीतात तयार आहे: तानपुऱ्याच्या जवारीवर. आलापाच्या सुरुवातीला, गायक एक श्वास घेतो त्या क्षणी, तानपुऱ्याची झणझण जेथे सर्वांत जास्त खुलते तेथे स्क्रू थांबवावा. मग तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ स्वच्छ वाजतो का, ते पाहावे. विकतच्या कॅसेटमध्ये हे एकदा करून बऱ्याच वेळा भागते. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटमध्ये मात्र जवळजवळ दर वेळी करावे लागते.

कागदावर किंवा कवचावर डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या पद्धतीचे, चिन्ह असेल, तर डेकवर डॉल्बी बी चालू करावे. नसेल, तर बंद ठेवावे. क्रोम फितीसाठी वेगळे बटण असते, साधी फेरिक फीत त्यावर वाजवू नये.

कॉम्प्युटरवर घेणे

डेकच्या ‘लाइन आउट’मधून लाल-पांढरी तार काढून ती एका यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये घालावी. लॅपटॉपचे माइकचे भोक त्यासाठी वापरू नये. ते दुबळ्या संकेतासाठी बनवलेले असते आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पूर्ण पुरते. नमुना-दर ४८ किलोहर्ट्झ आणि खोली २४ बिट ठेवावी. कॅसेटवरचा वरचा सूर बहुधा १५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही, म्हणून ९६ किलोहर्ट्झने केवळ जागा जाते. या मापाने एका तासाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला सुमारे १ जीबी लागतो, म्हणजे साठ मिनिटांच्या शंभर कॅसेट साधारण १०४ जीबीत बसतात; फ्लॅक या फाइलच्या प्रकारात ठेवल्यास, आवाजातले काहीही न गमावता, त्याहून बऱ्याच कमी जागेत. पातळी अशी ठेवावी की सर्वांत जोरकस तानही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. द्रुत लयीत तबला आणि गायक दोघेही चढतात, त्यामुळे विलंबितावर पातळी ठरवून उठून जाऊ नये.

एक बाजू एका दमात घ्यावी आणि ती चालू असताना आपण समोर बसून ऐकावे. पंचेचाळीस मिनिटांची बाजू पंचेचाळीस मिनिटेच घेते; दिवसाला दोन कॅसेट हा माझा वेग आहे आणि तो वाढवण्याचा मी प्रयत्न करत नाही. आमच्या भागात यंत्रमागांची खडखड दिवसभर चालते, म्हणून मी रात्री दहानंतर बसतो. तारेतून येणाऱ्या आवाजाला त्या खडखडीने काही होत नाही, पण आपल्या कानाला होते.

पट्टी तपासणे

जुना डेक सहा टक्के जलद चालला, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. बारीक, घाईघाईचा, परका वाटणारा आवाज ऐकून ‘हे यांचे तरुणपणचे ध्वनिमुद्रण असावे’ असा समज करून घेणारे अनेक रसिक मला भेटले आहेत. एकाच कलाकाराच्या चारपाच ध्वनिमुद्रणांतली पट्टी वहीत लिहावी. एखादेच वेगळे निघाले, तर संशय घ्यावा. दुसरी खूण अशी की, विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या ध्वनिमुद्रणात मागे वीजप्रवाहाची हलकी घरघर असते, जी ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झला दिसायला हवी. ऑडॅसिटीच्या आलेखात ती ५३ हर्ट्झला दिसली, तर वेग सहा टक्के जास्त आहे. त्या काळी विजेची वारंवारिता नेहमीच नेमकी ५० नसे, म्हणून या खुणेवर एकट्यावर विसंबू नये. दुरुस्ती करताना वेग आणि पट्टी एकत्र बदलणारी सोय वापरावी, केवळ पट्टी बदलणारी नव्हे. आणि मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्ती प्रतीवर करावी.

खरखर काढू नये

येथे माझे मत ठाम आहे. खरखर काढणारी सॉफ्टवेअरे अखंड, न बदलणारा आवाज शोधतात आणि तो ‘नको असलेला’ समजून पुसतात. आपल्या संगीतात अखंड, न बदलणारा आवाज म्हणजे तानपुरा. त्या दुकानातून आलेल्या फायलींमध्ये तानपुरा मेला होता आणि गायकाचा स्वर पाण्याखालून येत असल्यासारखा झाला होता. कॅसेटची सूं-सूं दोन मिनिटांत कानाआड जाते. गेलेला तानपुरा परत येत नाही. फारच त्रास होत असेल, तर ऐकताना वरचे सूर थोडे कमी करावेत, फायलीत काही करू नये.

निवेदन, टाळ्या आणि सूर जुळवणे ठेवावे

गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात ज्या तबकड्या गायल्या, त्यांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगतात. तीन मिनिटांच्या तबकडीत प्रत्येक सेकंद मोलाचा असतानाही त्यांनी नावासाठी जागा ठेवली. आकाशवाणीवर शनिवारी रात्री लागणाऱ्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमात, जो १९५२ मध्ये सुरू झाला, निवेदक गायकाबरोबर तबला, सारंगी किंवा हार्मोनियमच्या साथीदारांची नावेही सांगतो. वडिलांच्या रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणांत साथीदारांच्या नावांचा अनेकदा हा एकमेव पुरावा आहे. म्हणून फाइल निवेदनाच्या पहिल्या शब्दापासून सुरू व्हावी आणि शेवटच्या टाळीपर्यंत जावी. मैफलीत गायक स्वतःच तबलजीला दाद देतो, ‘वा’ म्हणत नावाने हाक मारतो. तेही जपावे आणि कितव्या मिनिटाला ते येते हे वहीत लिहावे. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या एका बैठकीच्या कॅसेटवरचा तबलजी मला अशा एका हाकेवरूनच कळला.

साथीवरून काळाचाही थोडा अंदाज बांधता येतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये उठू लागली. त्यामुळे रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणात हार्मोनियमची साथ असेल, तर ते बंदीच्या काळातले असण्याची शक्यता फार कमी. सारंगी असल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.

फायलींची नावे आणि आतली माहिती

फाइलचे नाव वहीतल्या क्रमांकाने सुरू करावे, उदाहरणार्थ ‘०४७-अ’. बाकी सगळी माहिती फायलीच्या आतल्या रकान्यांत भरावी. त्यासाठी एमपीथ्रीटॅगसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळते. फ्लॅकमध्ये देवनागरी व्यवस्थित बसते. रोमन लिपीत ‘यमन’ तीन प्रकारे आणि ‘पूरिया धनाश्री’ पाच प्रकारे लिहिला जातो, शोधताना एकही सापडत नाही आणि ‘त’ व ‘ट’ यांतला फरक तर मुळातच नाहीसा होतो. देवनागरीत हा प्रश्न येत नाही. कलाकाराच्या रकान्यात गायकाचे नाव लिहावे, पण टिपणीच्या रकान्यात साथीदार, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, स्थळ, तारीख आणि पट्टी असा क्रम ठरवून तोच प्रत्येक फायलीत पाळावा. कागदावरून घेतलेली माहिती, निवेदनातून ऐकलेली माहिती आणि आपला स्वतःचा तर्क यांत फरक करावा; मी तर्कापुढे ‘अंदाज’ असा शब्द लिहितो. रागाबद्दल खात्री नसेल, तर जाणकाराला ऐकवावे. जयपूर घराण्याच्या जोडरागांत, म्हणजे दोन राग एकत्र करून झालेल्या रागांत, तर भल्याभल्यांचा गोंधळ उडतो, त्यामुळे ‘राग ठरलेला नाही’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही.

बडा ख्याल आणि छोटा ख्याल सलग गायले असतील, तर फाइल तोडू नये. मोबाइलवर ऐकताना एका गाण्यात दुसरे मिसळण्याची सोय आणि क्रम पिसण्याची सोय दोन्ही बंद कराव्यात. विलंबितात लय हळूहळू रुजते आणि त्याआधीच द्रुत लागले, तर त्या रागाची बैठकच मोडते.

वाटणे आणि ठेवणे

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो; खासगी वापरासाठी प्रत घेण्याला १९५७च्या कायद्यात जागा आहे. विकतच्या कॅसेट घरच्यासाठी ठेवाव्यात. गावातल्या मैफलींची ध्वनिमुद्रणे मात्र त्या कलाकारांच्या किंवा साथीदारांच्या घरी आधी नेऊन द्यावीत. मी एका दिवंगत तबलजींच्या मुलीला त्यांचा एक तासाचा ठेका ऐकवला, तेव्हा त्यांच्याकडे वडिलांचे एकही ध्वनिमुद्रण नव्हते.

फायलींच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. वहीची पाने फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये घालावीत. मूळ कॅसेट फेकू नयेत. फीत पूर्ण एका चाकावर गुंडाळून, डब्यात, पुस्तकासारख्या उभ्या, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या लाकडी कपाटात, स्पीकरपासून दूर ठेवाव्यात. माझ्या सात अनोळखी कॅसेट त्याच कपाटाच्या वरच्या खणात वेगळ्या ठेवल्या आहेत आणि घरी कोणी जाणते माणूस आले की चहा झाल्यावर त्यांतली एक मी लावतो.